दुप्पट दोऱ्याचा पावा

पातूरवाली, मेण लावलं मी.

तू सांगितलं होतंस तसंच लावलं. खालच्या छिद्रात, अंगठ्यानं दाबून, वरून बोट फिरवून सारखं केलं. सुनेनं टाचेच्या भेगांसाठी मेण ठेवलं होतं, त्यातलंच घेतलं. पावा माझा एकट्याचा झाला. दुसऱ्या कोणाचं बोट लागेना. हेच पाहिजे होतं ना तुले?

आता माझं ऐक. दोन पावसाळे पंतोजीच्या ओट्यावर धुळपाटीत अक्षरं गिरवली, तेवढ्यावर लिहून राहिलो. वेलांटी इकडची तिकडं जाते. तू म्हणायचीस, "इतके शिकले अन् भाजीच इकली." तुले वाचता येत नव्हतं, म्हणून लिहून झालं की विहिरीजवळ बसून वाचून दाखवीन. नुसतं तोंडानं बोललो तं सून समजते म्हातारा भ्रमला, अन् आपल्या पोराले, किसनले, वावरातून बोलावून आणते. कागदाकडं पाहून बोललं तं कोणी काही म्हणत नाही. म्हणतात, पोथी वाचून राहिले.

लोक येतात अन् ओट्यावर बसतात. म्हणतात, सवाष्ण गेली, भाग्याची होती. मी ऐकतो. भाग्य तुझं, मग माझं काय? वडाले दोरा गुंडाळताना दर साली तू हेच मागत होतीस. मी एकदा म्हटलं होतं, "माया मांगं राहायचं मले इचारलं का?" तू म्हणाली, "तुमाले काय इचाराचं? तुमाले तं आंब्याचं लोनचं कुठं ठेवलं ते बी सापडत नाई." ते खरं आहे. अजून सापडलं नाही. पण भांडण आपलं तिथंच राहिलं. माझी पाळी होती बोलायची अन् तू उठून गुरांले पाणी दाखवायले गेलीस.

तुझं नाव मी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर नाही. पातूरहून आली म्हणून माझी माय पातूरवाली म्हणायची, तेच मी धरलं. आता घेऊ म्हटलं तरी तोंडाले सवय नाही. राहू दे. पातूरवालीच बरी.

या पाव्याचं सगळं तुले माहीत आहे. तरी मले पहिल्यापासून सांगू दे. दुसरं सांगायले माझ्याजवळ काही नाही.

कापसाले सोन्याचा भाव आला होता तेव्हाची गोष्ट. सातासमुद्रापलीकडं कोणाची तरी आपसात लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला, म्हणून विलायतवाले आपला मागून राहिले, असं उमरावतीच्या बाजारात ऐकलं अन् घरी येऊन तुले सांगितलं. तू म्हणाली, "भांडते कोन अन् धावपळ कोनाची." ज्वारीच्या वावरात लोकांनी कापसाची पऱ्हाटी लावली. दाराशी जास्वंद होती तिथंही पऱ्हाटी लावणारे निघाले. अकोल्याच्या आपल्या जुन्या शहरात घरोघर सरकी काढायची चरखी आली. मोर्णा नदीच्या पुलाखाली कपडे धुतानाही बायकांच्या केसात कापूस दिसायचा. तू मळ्यातल्या वांग्या-मिरच्यांचं पाहून दुपारी चरखीवर बसायचीस. दांडी फिरली की ती कुईकुई करायची. तेल टाकलं तरी करायची. एका गल्लीत इतक्या चरख्या, अन् सगळ्या एका वेळी रडायच्या.

मी भाजीची गाडी सोडून कापसाची गाडी हाकायले लागलो, अकोल्याहून उमरावतीले. कापूस फुगतो, गाडीले उंच तट्टे पाहिजेत, तट्ट्यांले बांबू पाहिजेत. म्हणून आम्ही गाडीवाले मिळून मेळघाटात शिरलो, सेमाडोहच्या रानात. तिथं एक म्हातारा कोरकू पावा वाजवून राहिला होता. वीतभर लांबीचा. चिमूटभर तंबाखू दिली तं त्यानं तो मलेच देऊन टाकला अन् दुसरा करायले बसला. मले वाटलं, घरी गेलो की तू खूश होशील.

तू चरखी थांबवून ऐकलंस. मग म्हणाली, "दिवसभर ही कुईकुई. अन् तुमी रानात जाऊन आनखी एक कुईकुई घेऊन आले. जाड आवाजाचं कायी भेटत नाई का तिकडं?"

"जाड म्हंजे कसं?"

"घागर पान्यात बुडते ना, भरता भरता शेवटी आवाज येते, तसं."

मी म्हटलं, घागरच वाजव मग. तू म्हणाली, घागर वाजवाले मले येळ नाई. अन् पुन्हा कुईकुई सुरू.

पण ते माझ्या डोक्यात राहिलं. पुढच्या खेपेले रानात मी जाड, लांब अन् पोकळ बांबू शोधत फिरलो. तिकडचा बांबू बहुतेक आतून भरीव असतो, लाठीच्या कामाचा. दौलत गाडीवान बैल सोडून झाडाखाली पडला होता. म्हणाला, "अबे, बायकोसाठी शोधून राहिला का सासूसाठी? इतका जाड कोनाच्या पाठीवर मोडनार?" त्याले काय सांगू, घागरीचा आवाज शोधून राहिलो म्हणून.

सापडला. हातभर अन् वर चार बोटं कामात येईल असा. मधात एक गाठ होती, ती तापल्या सळईनं फोडली. मग पावसाळाभर चुलीवरच्या धुरात टांगला, घुण लागू नये म्हणून. शेजारची बाई विचारायची, हे काय टांगलं वं? तू म्हणायचीस, "आमच्याइकडं गानं वाळत घातलं हाये."

वाळल्यावर आतून जवसाचं तेल फिरवलं. तोंडाशी पांगाऱ्याच्या लाकडाचा डाट बसवला, बुचासारखा. डाटाची वरची बाजू जराशी तासावी लागते. तेवढ्या फटीतून फुंक जाते अन् पुढच्या खाचेच्या धारेवर आपटते. सगळा पावा तेवढ्यात आहे. फट मोठी झाली तं नुसता वारा, लहान झाली तं शीळ. तीन डाट वाया गेले. तू ते चुलीत घालायचीस अन् म्हणायचीस, आज भाकर सुरात भाजली.

अन् मग मी तो गाढवपणा केला.

कोरकूच्या पाव्यावर सुताचा दोरा ठेवून मी प्रत्येक छिद्राजवळ गाठ मारली होती. नवा पावा मोठा, म्हणून प्रत्येक गाठ दुप्पट लांबीवर घेतली. दोरा एकदा ठेवायचा, गाठीजवळ धरायचा, पुन्हा एकदा ठेवायचा. हिशेब बरोबर होता. सळई तापवली, सहाही छिद्रं पाडली, धूर निघाला, डोळ्यांतून पाणी आलं. मग पावा तोंडाले लावून बोटं ठेवायले गेलो. पाच छिद्रांवर बोटं बसली. सहावं छिद्र राहिलं खाली लांब, माझं बोट हवेत. ताणून पाहिलं, तिरपं धरून पाहिलं. पायाचा अंगठाही लावून पाहिला, तू बायकांले सांगायचीस ते खरं, मी लावला होता, पण गुडघा तेव्हाच कुरकुरायले लागला होता.

तू दारात उभी राहून पाहून राहिली होतीस. म्हणाली, "दोरा दुप्पट केला. बोटं दुप्पट करायची राहिली."

मले असा राग आला. पावसाळाभर वाळवलेला बांबू. मी पावा आंगणात फेकायले हात उचलला. तू चरखीवरून उठली होतीस, हाताले कापूस चिकटलेला. खालच्या पायरीवर माझ्यासमोर येऊन बसलीस अन् ते खालचं छिद्र आपल्या बोटानं झाकलंस.

"फुका आता."

मी फुंकलं. अन् तो सूर आला. घागर भरता भरता शेवटी बुडते तो. छातीत वाजला, कानात नाही. गोठ्यातला आपला कपाशा बैल हंबरला, त्याले वाटलं दुसरा बैल आला. तू हसून हसून पायरीवरून खाली बसलीस. तुझं बोट सुटलं अन् सूर एक पायरी वर चढला. तेव्हा दोघांले समजलं. तुझं बोट उघडं असलं तं वरची पायरी, झाकलं तं खालची. दोन्ही पाहिजेत तं माणसं दोन पाहिजेत.

गावातल्या बायका हसायच्या तुले. नवरा वाजवतो अन् बायको बोट लावते. तू म्हणायचीस, "गाडीले बैल दोन लागते. तुमच्याइकडं एकाच बैलाची असन."

तुझ्याच जात्यावरच्या गाण्याची चाल मी वाजवायचो. वरून उतरत उतरत यायची अन् शेवटी त्या दोन पायऱ्या. मी माझं शेवटलं बोट टेकवायचो, वरच्या पायरीवर यायचो, अन् तिथून खाली जायचं तं तुझं बोट पाहिजे. ते उशिरा यायचं. नेहमी. थोडंच, पण उशिरा. सूर आधी लोंबकळायचा अन् मग धाडकन खाली बसायचा. मी पावा तोंडातून काढून म्हणायचो, "पुन्हा मांगून आली."

"तुमीच घाई करता."

"माया बोटाकडं पाहत जा ना. बोट टेकलं का तू झाक."

"पाहून राहिली ना."

"मंग काहून मांगं पडते?"

"बाईची जात मांगूनच येते. चालताना मांगून, जेवताना मांगून. तुमाले आता दिसलं का?"

मी तरी रागावायचो. एका सुरासाठी किती वेळा रागावलो असेन. तू ऐकून घ्यायचीस, अन् पुढच्या वेळी पुन्हा मागून.

सून नवी नवी आली तेव्हा तू तिले माझी नक्कल करून दाखवत होतीस. मी गोठ्यातून पाहिलं. गाल फुगवलेले, भुवया वर, डोळे अर्धे मिटलेले, अन् मान हळूच डोलून राहिली. "असे दिसते तुयं सासरं पावा वाजवताना. पावसाळ्यातला बेंडूक." पोरगी तोंडावर पदर धरून हसून राहिली. मी खाकरलो तं दोघीही भाकरीकडं वळल्या. तेव्हा हसायले आलं मले. तेवढंच. त्यात आणखी काही आहे हे लक्षात आलं नाही.

उमरावतीचं आठवतं ना? एकदाच तू माझ्यासंगं गाडीवर आलीस. अंबादेवीचं दर्शन करायचं म्हणून. कापसाच्या गाड्यांची अशी रांग लागली होती की बाजार नजरेत येत नव्हता. ऊन, धूळ, बैल लाळ गाळून राहिले, माणसं शिव्या देऊन राहिली. दौलतनं माझा पावा गाडीत पाहिला. म्हणाला, "वाजव ना बे. दुपार तं सरीन."

मी म्हटलं, एकट्याले वाजत नाही.

"मंग वहिनी हाये ना."

इतके गाडीवाले, सगळे परके गडी. मले वाटलं तू नाही म्हणशील. तू गाडीच्या सावलीत माझ्यासमोर बसलीस, पदर तोंडावरून छातीपर्यंत ओढून घेतलास, अन् पदराखालून नुसता हात बाहेर काढलास. आंधळ्यानं भिंत चाचपावी तसं छिद्र शोधलंस. मी मनात म्हटलं, डोळे उघडे असताना चुकते, आता तं काय होणार.

चाल उतरत आली. माझं बोट टेकलं. वरची पायरी. अन् तुझं बोट आलं. बरोबर. केसभर मागं नाही, केसभर पुढं नाही. दुसऱ्यांदा बरोबर. तिसऱ्यांदाही बरोबर. रांगेतल्या गाडीवाल्यांच्या चिलमी हातातच विझल्या. दौलत आपली गाडी सोडून जवळ येऊन बसला. माझ्या जन्मात मी असं वाजवलं नाही.

परत येताना बडनेऱ्याच्या अलीकडं मी विचारलं, "आज बरोबर कसं आलं वं?"

तू पदर मागं टाकून शेंगा सोलून राहिली होतीस. म्हणाली, "तिथं मले कायी दिसत नव्हतं."

मी म्हटलं, हे काय उत्तर झालं. दिसत नव्हतं तं चुकायले पाहिजे. तू शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "खा." अन् घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्याच पायरीवर, तोंड उघडं, पदर डोक्यावर, पुन्हा मागून आलीस.

मग तिकडची लढाई संपली म्हणे. कापूस उतरला, आगगाडी आली, गाड्या बसल्या. लोक डोक्यावर हात धरून बसले. तू चरखी धुऊन माळ्यावर टाकलीस अन् म्हणालीस, "बरं झालं. कान तं मोकळे झाले." आपण पुन्हा वांग्या-मिरच्यांत आलो. पावा तेवढा राहिला. दिवस कलला, मोट सुटली, की ओट्यावर. वरच्या पायरीवर मी, खालच्या पायरीवर तू. म्हातारपण आलं तसं तुले पायरीवर बसायले वेळ लागायचा, उठायले त्याहून जास्त. छिद्रात कापसाचे तंतू जाऊन बसलेले, ते तू बाभळीच्या काट्यानं काढायचीस. चरखी बंद झाली तरी कुठून निघायचे देव जाणे.

मेणाचं तूच काढलंस. ताप यायच्या आधीच. "आता माया गुडघा वाकत नाई. मेण लावून टाका तिथं. खालचा सूर एकट्यालेच भेटीन."

"अन् वरची पायरी?"

"ते जाईन."

"मंग कायले लावू?"

"अहो, एक तं जाईनच. दोन्ही कुठून रायतीन?"

मी म्हटलं, चूप बस. रागानं म्हटलं. तू मेण मागत नव्हतीस, हे मले तेव्हाही समजलं होतं. तू सांगून राहिली होतीस, अन् मले ऐकायचं नव्हतं.

ताप आला तो उतरला नाही. वैद्याचा काढा झाला, पातूरहून तुझ्या भावानं अंगारा आणला, तोही झाला. एका दुपारी तुले थोडं बरं वाटलं. म्हणाली, "वाजवा." मी खाटेजवळ बसलो, पावा तुझ्या बाजूले टेकवला. तू बोट ठेवलंस. चाल उतरली. माझं बोट टेकलं. तू झाकलंस. पण बोटात जोर नव्हता. छिद्र झाकल्यासारखं झालं अन् झाकलं नाही. बाजूनं हवा सुटून राहिली. सूर खाली गेला नाही, वरही राहिला नाही. नुसता सूंऽ असा वारा.

मी पावा खाटेवर ठेवला. तू म्हणाली, "आज रागावले नाई तुमी." मग डोळे मिटून म्हणाली, "मेण लावा बरं."

तिरडीले बांबू आणले, तेही मेळघाटातलेच. गाठी जवळ जवळ, आतून भरीव. पाव्याच्या कामाचे नव्हते. मी ते पाहिलं. माणूस रडता रडता असंही पाहतो, हे मले माहीत नव्हतं. जन्मभर मागून चालणारी तू, त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं, अन् मी मागून. मले काठी धरून नीट चालताही येत नव्हतं. किसन म्हणत होता, बाबा, हळू चला. हळूच चालून राहिलो होतो, लेका. पुढचे थांबत नव्हते.

दहाव्याले मोर्णेच्या काठी पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसला होता. उतरेना. जिवाची काही इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, मग ज्यानं त्यानं मोठ्यानं वचन द्यायचं असतं. किसन हात जोडून म्हणाला, "आई, बाबाले मी कायी कमी पडू देनार नाई." कावळ्यानं मान वाकडी केली. सून म्हणाली, "आत्याबाई, वांग्याच्या वाफ्याले मी रोज पानी देईन." नाही. तुझा भाऊ बोलला, नाही. दौलत आला होता, पार वाकला आता, तो म्हणाला, "वहिनी, याची तंबाखू मी सोडवतो." सगळे रडता रडता हसले. कावळा नाही हसला. ऊन वर चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू.

मी उठलो. मले माहीतच होतं. पिंडाजवळ गेलो अन् म्हटलं, "बरं. लावतो मेण."

तो उतरला.

सगळे विचारू लागले, कायचं मेण? मी सांगितलं नाही. तो कावळा तू होतीस का नव्हतीस हे देवाले ठाऊक. हट्टी तुझ्यासारखाच होता.

म्हणून काल दुपारी लावलं. वचन दिलं होतं, अन् मेलेल्या माणसाले दिलेलं वचन मोडलं तं त्याले पुढची वाट भेटत नाही म्हणतात. मेण थंड होऊ दिलं. ओट्यावर बसलो. समोरची पायरी रिकामी. पाव्याचं टोक टेकायले काही नव्हतं, म्हणून माझ्याच गुडघ्यावर टेकवलं. वाजवलं.

चाल उतरत आली. वरची पायरी आता नाहीच, मेणानं मेली ती. माझं शेवटलं बोट टेकलं अन् त्याच दमात खालचा सूर. एक पायरी गाळून पाय खाली पडावा तसा. घागर बुडाली, पूर्ण भरून बुडाली. अन् वेळेवर. एका केसाचाही उशीर नाही. जन्मभर तुझ्याजवळ मी हेच मागितलं होतं.

पातूरवाली, असा घाण सूर मी कधी ऐकला नाही.

पुन्हा वाजवलं. पुन्हा वेळेवर. सून दारात आली. म्हणाली, "बाबा, आज किती साफ वाजलं." मी तिच्यावर खेकसलो. बिचारी आत गेली. मग मी पावा मांडीवर घेऊन बसलो, अन् शेंगा सोलतानाचं तुझं बोलणं आठवलं. तिथं मले कायी दिसत नव्हतं.

किती सालं झाली त्याले. आता कुठं समजलं. पदराखाली काही दिसत नव्हतं, म्हणून तू कानानं ऐकलं अन् बोट बरोबर आलं. घरी तोंड उघडं असायचं, घरी दिसायचं. अन् तू माझ्या बोटाकडं पाहत नव्हतीस. बोटाकडं पाहिलं असतंस तं चुकली नसतीस. बोटाकडं पाहणाऱ्या बाईले माझे फुगलेले गाल, वर गेलेल्या भुवया, मान कशी डोलते, हे कुठून माहीत? सुनेले ते सगळं करून दाखवत होतीस तेव्हा मी गोठ्यात उभा होतो अन् नुसता हसलो. माझ्या तोंडाकडं पाहत बसायचीस. सूर खाली जायची वेळ व्हायची तेव्हा तुले आठवायचं, अरे, बोट.

काय पाहायचं होतं त्या बेडकाच्या तोंडात? विचारायचं राहिलं. तू तं सांगून मोकळी झाली होतीस, दोन शब्दांत, अन् वरून शेंगा दिल्यास. मी खाल्ल्या.

म्हणून हे लिहून राहिलो. मेण काढलं मी. आज सकाळी, तुझ्याच त्या बाभळीच्या काट्यानं. छिद्राची धार गुळगुळीत झाली आहे, बाकीच्या पाचांहून जास्त. मेणाची गोळी सुनेले परत दिली, तिच्या टाचा फुटल्या आहेत, अन् काल तिच्यावर खेकसलो होतो. वचन मोडलं. तुले पुढची वाट भेटली नाही तं मी काय करू? थोडी थांब तिथं. आता मागून येणारा मी आहे. मी तुझ्यावर जेवढा रागावलो तेवढी तू रागावू नको.

वाचून झालं की इथंच, विहिरीजवळ, वाजवीन. चाल उतरून वरच्या पायरीवर येईल. तिथं मी दम धरून ठेवतो. आधीही धरायचो. तुझं बोट येईपर्यंत सूर तुटू नये म्हणून छाती दुखेपर्यंत धरायचो, अन् मग तुझ्यावर ओरडायचो. धरायचो ते कधी सांगितलं नाही, ओरडलेलं तेवढं तुझ्या कानात गेलं.

आज धरीन. खालचा सूर येणार नाही, हे मले समजतं, मी भ्रमलो नाही. दम सरला की पावा तोंडातून काढून मांडीवर आडवा ठेवीन, अन् तुझ्या छिद्रावर बोट ठेवून बसेन. फुंकायचं नसलं तं माझं बोट तिथवर पोचतं.